शेवाळाचा कज्जा

ज्यांच्या हाताखाली मी डिचोलीच्या न्यायालयात उमेदवारी केली, ते माझे ज्येष्ठ वकील म्हणत असत की, वकिलाने छंद लावून घेऊ नये. छंदात पडलेल्या माणसाला तारखा लक्षात राहत नाहीत. मी हा उपदेश पुष्कळ वर्षे निष्ठेने पाळला. परंतु गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीने काचेची मत्स्यपेटी मागितली. ती आली, आणि महिन्याभरात मुलीचे लक्ष तिच्यावरून उडून माझे जडले. घरोघरी असेच होत असावे. मुलांनी मागितलेल्या वस्तूंचे अंतिम मालक बहुधा वडीलच ठरतात.

आमच्या मुळगावच्या घराच्या ओसरीवर पश्चिमेच्या खिडकीजवळ ही पेटी मांडली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, साठ लिटरांच्या आसपास पाणी. नुसते मासे ठेवायचे नाहीत, पाण्याखाली बाग लावायची, असे मुलीने कुठेसे वाचून ठरवले होते. तळाला माती हवी, मातीत लोह हवे, असे तिच्या पुस्तकात होते. लोहाला डिचोली तालुक्यात काय तोटा! परसातला चिरा फोडून त्याची भुकटी केली, त्यात कुळागरातली काळी माती मिसळली आणि वरून धुतलेल्या वाळूचा थर दिला. मागाहून कळले की, जर्मनीतील होर्स्ट आणि किपर या दोघांनी १९८० च्या दशकात पाण्यातल्या बागेसाठी हीच लाल भुकटी मुद्दाम वापरात आणली होती, आणि लोक ती दाम मोजून घेत असत. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहून, १८०७ साली छापलेल्या ग्रंथात, विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटराइट म्हटले. आम्ही त्याला चिरा म्हणतो, त्याने घरे बांधतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने सांगितल्यावर चकित होतो.

रोपांचीही तीच कथा. रिबिनीसारख्या लांब पानांचे व्हॅलिस्नेरिया, ओहोळाच्या काठी उगवणारे क्रिप्टोकोरीन, आणि बारीक तांबूस पानांचे रोटाला. या शेवटच्याच्या जातीची रोपे भातशेतीत आपोआप उगवतात, आणि वायंगणाच्या बेणणीला बायका कंबर मोडेपर्यंत वाकून ती उपटून मेरेवर फेकतात. शेतात जे तण, तेच पेटीत शोभा. मुळे तीच, पाने तीच. फक्त हक्काची जागा बदलली. कायद्यातही अतिक्रमण म्हणजे याहून वेगळे काय असते?

पहिला पंधरवडा सुखाचा गेला. मग काचेवर तपकिरी लेप बसू लागला. तो बोटाने पुसता येई, म्हणून मी त्याला गांभीर्याने घेतले नाही. महिना उलटताच हिरवे धागे आले. ते पानांच्या कडांना लागले, वाळूवर पसरले, पंपाच्या तोंडाशी लोंबू लागले. पाहुणे पेटीकडे पाहून सभ्यपणे विषय बदलू लागले, तेव्हा मी युद्ध पुकारले. काच घासली, धागे काडीवर गुंडाळून काढले. आठ दिवसांत ते परत आले. मग कोणीतरी सांगितले म्हणून पेटीवर गोधडी घालून तीन दिवस पूर्ण काळोख केला. शेवाळ गेले, रोपेही फिकी पडली, आणि पुढच्या पंधरवड्यात रोपे सावरण्याआधी शेवाळच सावरले.

या अवस्थेत मी वकिलाला जे सुचते तेच केले. जुने निवाडे शोधावेत तसा पेट्यांचा इतिहास काढून बसलो.

१८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका प्रयोगाचे टिपण प्रसिद्ध केले. बारा गॅलनांच्या काचपात्रात त्याने दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया लावले. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, दोघांचे परस्परांवर चालेल, पाणी बदलण्याची गरज उरणार नाही, अशी त्याची अटकळ होती. काही दिवस तसे झालेही. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने हिरव्या थरावर विष घातले नाही. त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पात्र पुन्हा स्वच्छ झाले. मासा आणि वनस्पती यांच्या करारात तिसरा पक्ष लागतो, ही त्याची उपलब्धी होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. गोव्याच्या कित्येक घरांत ‘मुंबई पाहिली’ म्हणजे ते मत्स्यालय पाहिले, असा अर्थ होता.

जपानचे ताकाशी अमानो यांची कथाही अशीच. हा गृहस्थ आधी सायकलशर्यतीतला खेळाडू, मग छायाचित्रकार. आणि पाण्याखालच्या बागेला त्याने कलेचे रूप दिले. त्यालाही शेवाळाने छळले. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने लहान झिंग्यांची एक जात निवडली, ती शेवाळ खाते म्हणून. आज ती जात जगभर त्याच्याच नावाने विकली जाते. त्याची शेवटची मोठी बाग आम्हा गोवेकरांच्या ओळखीच्या शहरात आहे. लिस्बनमधील मत्स्यालयात २०१५ साली त्याने चाळीस मीटर लांबीची पाण्याखालची अरण्ये उभी केली, आणि त्याच वर्षी तो वारला. ज्या बंदरातून वास्को द गामा निघाला, तिथे एका जपान्याने पाण्याच्या आत वन लावावे, आणि ते झिंग्यांनी राखावे, हा इतिहासाचा विनोद मला फार आवडतो. असो.

शेवाळाच्या कारणाविषयी जाणकारांतही मोठा वाद झालेला आहे. १९९६ साली सिअर्स आणि कॉन्लिन या दोघांनी प्रतिपादन केले की, फॉस्फेट हा मूळ दोषी. तो रोपांना कमी पडेल इतका आटवा, म्हणजे शेवाळ उपाशी मरेल. पुढे टॉम बार या अमेरिकन अभ्यासकाने उलट दाखवले की, रोपे जोमाने वाढत असतील आणि कर्बवायूचा पुरवठा स्थिर असेल, तर पाण्यात फॉस्फेट भरपूर असूनही शेवाळ येत नाही. दोघांच्याही पेट्या स्वच्छ होत्या, ही गंमत. न्यायालयात असे दोन तज्ज्ञ उभे राहिले की, न्यायाधीश चष्मा काढून पुसू लागतात. मला त्यातून एवढे उमगले की, एकच गुन्हेगार धरून खटला निकालात काढता येईल, असा हा मामला नाही. उजेड, खाद्य, कुजणारे पान, रोपांची तब्येत, मालकाचा आळस, हे सारे मिळून पाण्याची एक स्थिती बनते, आणि त्या स्थितीला जे मानवते ते वाढते.

माझ्या पेटीची स्थिती काय होती? पाहुण्यांना दिसावी म्हणून दिवा बारा-बारा तास चालू. दुपारी तीननंतर पश्चिमेचे ऊन थेट काचेवर. मुले येता-जाता चिमूटभर खाद्य टाकीत. मासे वर येऊन तोंडे उघडीत, ते पाहायला त्यांना गंमत वाटे. उरलेले खाद्य वाळूत कुजे. कुजण्यातून अमोनिया होतो. त्याचे पुढे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू नव्या पेटीत स्थिरावायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर तो अमोनिया शोषून घेणारे माझ्या पेटीत मुख्यतः ते हिरवे धागेच होते. म्हणजे ज्यांना मी काडीवर गुंडाळून फेकीत होतो, ते माझ्याच घरच्यांनी केलेला उकिरडा उपसत होते. दिवा सात तासांवर आणला, खिडकीला पडदा लावला, खाद्य दिवसातून एकदाच ठेवले, दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी काढून विहिरीचे घातले, आणि भराभर वाढणारी रोपे दुप्पट लावली. दोन महिन्यांत धागे विरळ झाले. पुरते गेले नाहीत. ते जाणार नाहीत, आणि जाऊ नयेत, असे आता वाटते.

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, वकीलबाबांना निवृत्तीपूर्वीच निवृत्तीचे वेध लागले. पण मी हे लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे. पेटीतले शेवाळ घाशीत असताना मला सहा वर्षांपूर्वीची एक तळी वारंवार आठवू लागली.

तालुक्यातले एक देवस्थान. नाव सांगत नाही. तिथे माझा संबंध सल्लागाराचा. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती, आणि देवळासमोरची तळी हिरवीगार झाली होती. पालखी तळीवरून जाते, पाहुणे येतात, फोटो निघतात. तळी अशी दिसू नये, ही सर्वांची इच्छा. समितीच्या बैठकीत एका महाजनांनी सुचवले, कुळागरातल्या सुपारीवर फवारायला आणलेले मोरचूद शिल्लक आहे, ते टाका. शेवाळ दोन दिवसांत मरते. सूचना बिनविरोध मंजूर झाली. ठराव मी लिहून दिला. त्यात ‘आवश्यक त्या प्रमाणात मोरचूद वापरून तळीची स्वच्छता करण्यात यावी’ असे शब्द होते. हे शब्द माझे. ‘आवश्यक त्या प्रमाणात’ हा आम्हा वकिलांचा आवडता प्रयोग आहे. प्रमाण माहीत नसले की तो लिहितात.

मोरचूद पडले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलला, तेव्हा सर्वांना आनंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांना लागून मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. लहान, मोठे, सर्व. दोन कासवे काठावर आली होती, ती कुठे गेली कोणी पाहिले नाही. पोत्यांत भरून मासे पुरले, आणि जत्रा ठरल्याप्रमाणे पार पडली.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हते, ते आज पेटीमुळे ठाऊक आहे. सुपारीवर मारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाइतकाच चुना असतो, आणि तो चुना तांब्याला बांधून ठेवतो. तळीत चुना नव्हता. आमच्या चिऱ्याच्या मुलखातले पाणी मुळात मऊ, त्यात चुन्याचा अंश थोडा. अशा पाण्यात तांबे माशाला अधिकच घातक. वैशाखात तळी निम्म्यावर आली होती, पण टाकणाऱ्याने अंदाज भरल्या तळीचा धरला. त्यातून जे मासे तांब्याने मेले नसते, ते मेलेल्या शेवाळाने मारले. इतके शेवाळ एकदम कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो.

देवळाच्या आवारात केर काढणारी एक वृद्ध बाई त्या सकाळी माझ्याजवळ उभी होती. ती म्हणाली, “वकीलबाब, तळयेक वखद घालचेंच आसलें जाल्यार पयलीं नुस्तें तरी काडपाचें आसलें.” औषध घालायचेच होते, तर आधी मासे तरी काढायचे होते. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. मला मात्र उत्तर सुचले नाही, आणि उत्तर न सुचण्याची मला सवय नाही.

प्रश्न असा आहे : त्या माशांच्या मरणाचे उत्तरदायित्व कोणाचे, आणि कोणत्या स्वरूपाचे?

पहिला बचाव हेतूचा. कोणाचाही हेतू मारण्याचा नव्हता. उलट देवाची तळी स्वच्छ असावी, हा पवित्र हेतू. फौजदारी कायद्यात हा बचाव पुष्कळदा टिकतो. पण दिवाणी कायद्याने फार पूर्वीच त्याची मर्यादा दाखवून दिली आहे, आणि योगायोगाने तो खटलाही पाण्याचाच होता. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत पाण्याचा साठा बांधला. खालच्या जुन्या बोगद्यांतून पाणी फुटून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची हयगय सिद्ध झाली नाही. तरीही १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात, त्याला जबाबदार धरले. तत्त्व असे की, ज्याने स्वतःच्या सोयीसाठी धोक्याची वस्तू आणून ठेवली, तिच्या उपद्रवाचा भार त्यानेच वाहावा. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या वायुगळतीच्या प्रकरणात, १९८६ च्या डिसेंबरात दिलेल्या निवाड्यात, धोकादायक उद्योगांपुरते हे तत्त्व आणखी कडक केले. कसलाही अपवाद ठेवला नाही.

आम्ही मुळगावकर हे तत्त्व चांगले जाणतो. खाणीचा गाळ पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो, तेव्हा आमचा हेतू गाळ सोडण्याचा नव्हता, हे उत्तर आम्ही ऐकून घेत नाही; आणि घेऊ नयेच. या विषयावर मीही सभांतून बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. मग तळीच्या काठावर मी वेगळा कायदा का लावला? खाण परक्याची आणि तळी आपली, एवढ्याने तत्त्व बदलते काय?

माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे सारे अतिरेकी वाटते. ते म्हणतात, “तुम्ही बाजारातून बांगडे आणता, पावसाळ्यात भिंतीवरचे शेवाळ खरवडता, पायाखाली मुंग्या मारता, आणि तळीतल्या माशांसाठी निबंध लिहिता. ही भावविवशता आहे.” त्यांचा मुद्दा हलका नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो. नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात, धान्याचा दाणासुद्धा जीवच, चालता-बसता हिंसा घडते. पूर्ण अहिंसक असा या लोकी कोण आहे? पण धर्मव्याधाचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही, हे स्नेही विसरतात. तो स्वतः जीव मारीत नाही, मांस विकतो, आपल्या वाट्याला आलेल्या कर्माचे घोरपण मान्य करतो, आणि आईबापांच्या सेवेत उणे पडू देत नाही. हिंसा अटळ आहे, एवढे सांगून तो उठून जात नाही.

आपल्या स्मृतिकारांनी तर हा हिशेब घरातल्या भांड्यांपर्यंत नेला आहे. गृहस्थाच्या घरी पाच वधस्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. पाण्याचा घडासुद्धा! ज्याने कुणाला पाणी पाजावे, त्या वस्तूलाही वधस्थान म्हणण्याइतके ते लोक सूक्ष्म होते. वकील म्हणून मला यात एक गोष्ट विलक्षण वाटते. शास्त्र गृहस्थाला निर्दोष सोडत नाही आणि शिक्षाही देत नाही. घडा फोडून टाक, असेही म्हणत नाही. ते त्याला रोजची पाच कामे लावून देते, पंच महायज्ञ. त्यांत भूतयज्ञ आहे, म्हणजे मुक्या जिवांचा वाटा रोज बाहेर ठेवणे. दोष एकदाच धुऊन टाकायची सोय नाही. घडा उद्या पुन्हा भरायचा आहे, म्हणून वाटाही उद्या पुन्हा काढायचा आहे.

मोरचुदात आणि रविवारच्या पाण्यात फरक आहे तो हाच, असे मला वाटते. मारणे दोन्हीकडे आहे. काच घासताना मी हजारो जीव घालवतो. पण मोरचूद हे पुढची सारी कामे टाळण्याचे साधन होते. तळी हिरवी का झाली, हे त्या बैठकीत कोणीही विचारले नाही, मीही नाही. नव्या सभागृहाच्या स्वयंपाकघराचे सांडपाणी तळीच्या वरच्या अंगाला सोडलेले होते. निर्माल्य पाण्यातच पडत होते. काठावरचे दोन जुने वृक्ष मंडपाला आड येतात म्हणून तोडल्याने सावली गेली होती. पूर्वी उन्हाळ्यात वाड्यावरचे लोक मिळून गाळ उपसीत आणि तो कुळागरात नेऊन घालीत. ती प्रथा माझ्या लहानपणी होती, पुढे मोडली. हे सर्व त्या हिरव्या पाण्यात लिहिलेले होते. आम्ही ते वाचण्याऐवजी पुसले.

पेटीविरुद्धही एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ओहोळात मासा मेला तर कोणी विचारीत नाही. पेटीत मेला तर मी जबाबदार, कारण त्याचे आकाश मीच दोन फुटांचे केले. मग ही जबाबदारी मुळात अंगावर घ्यावीच का? मुलगी म्हणते, “बाबा, मग मला तरी कशाला आणलेत?” तिचा युक्तिवाद ग्राह्य नाही, पण प्रभावी आहे.

यंदा ती तळी पुन्हा हिरवी झाली आहे. समितीने मला पुन्हा ठराव लिहायला सांगितला. मी लिहिला : सांडपाण्याची वाट बदलावी, निर्माल्यासाठी वेगळा खड्डा करावा, काठावर दोन झाडे लावावीत, चैत्रात पाणी उतरले म्हणजे मासे एका कोपऱ्यात बांध घालून राखावेत आणि गाळ उपसावा. खर्चाचा आकडा पाहून दोघांनी हरकत घेतली. एकाने विचारले, जत्रेपूर्वी पाणी स्वच्छ दिसेल याची हमी आहे काय? मी नाही म्हणालो. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे. मागच्या ठरावाची प्रत मी कपाटातून काढून त्याच्याच खाली लावून ठेवली आहे. विचारले, तर दाखवता येईल.